सायकलवाले पाहुणे येण्याआधी

ती. आई-बाबांस,
सा. न.

गुहागरच्या घराचं नाव वॉर्मशॉवर्सवर, म्हणजे सायकलस्वारांना घरी फुकट मुक्काम देणाऱ्या यजमानांच्या संकेतस्थळावर, नोंदवलंय. १९९३ पासूनची ही सोय फक्त सायकलने लांबचा प्रवास करणाऱ्यांसाठी आहे. मुक्कामाचे पैसे घ्यायचे नसतात, त्यांनी पुढे केले तरी. मुंबईहून किनाऱ्याने गोव्याकडे निघालेले लोक दाभोळहून धोपाव्याला उतरतात आणि तवसाळहून जयगडला पार होतात. आपण दोन खाड्यांच्या मधोमध, म्हणून विचारणा येईलच. माणसाबद्दल आधीच्या यजमानांनी काय लिहिलंय ते वाचून होकार कळवा. नको वाटलं तर नाही म्हणा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

बाबा, किलोमीटरवरून वेळेचा अंदाज बांधू नका. सायकल १५ किलोची, वर सामान २० किलो. प्रत्येक खाडीला पार खाली उतरायचं, फेरीबोटीतून बाहेर पडलं की पुन्हा सडा चढायचा. सपाटीवर ८० किमी सहज मारणारा माणूस इथे ५० मध्ये गळतो. फेरी चुकली तर आणखी उशीर. अंधार पडला म्हणून लगेच काळजी नको.

आल्याआल्या जेवायला बसवू नका, आधी अंघोळ. बंब पेटलेला असू दे, आणि कपडे धुवायला एक बादली जास्तीची.

सायकल पडवीत भिंतीला टेकवून ठेवायची. चेनच्या बाजूला आडवी कधीच नको. मागचा डिरेलर, म्हणजे चेन सरकवून गिअर बदलणारा भाग, एका लहानशा अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकलेला असतो, तो दाबाने वाकतो. मग सगळ्यात हलका गिअर टाकला की डिरेलर चाकाच्या तारांत शिरतो, म्हणजे नेमका चढावर. वाडीतली पोरं गिअर खटखटवायला येणारच, त्यांनाही आवरा.

तुमचा पंप सगळ्या सायकलींना बसणार नाही. पुष्कळांचा व्हॉल्व्ह प्रेस्टा असतो: बारीक, टोकाला इवलासा स्क्रू. दोन पितळी अ‍ॅडॉप्टर पाठवते आहे. आधी स्क्रू सैल करायचा, मग अ‍ॅडॉप्टर फिरवून बसवायचा. स्क्रू घट्ट राहिला तर हवा आत जात नाही आणि दोष उगाच पंपाला लागतो. मोटारसायकलवाल्याच्या नळीनेही मग भागतं.

आई, भात नेहमीच्या दुप्पट टाक. लाजतील, तरी वाढ. ताकात मीठ हवंच, घामाने ते गेलेलं असतं. तिखट मात्र बेताचं. विहिरीचं पाणी उकळून गार केलेलं ठेव. माणशी ३ लिटर सकाळी बाटल्यांत भरायला लागतं. पोहे पहाटे साडेपाचला. उन्हाआधी निघाले नाहीत तर पहिल्याच चढावर हाल होतात.

परदेशी पाहुणा असेल तर एक काम टाळता येणार नाही: त्याच्या येण्याची नोंद २४ तासांच्या आत एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर करावी लागते, आणि ती घरमालकानेच. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो दारातच मागून घ्या. त्यांना हे सवयीचं असतं, संकोच करू नका. खातं मी आधीच उघडून ठेवते.

तवसाळच्या पहिल्या फेरीची वेळ आदल्या संध्याकाळी धक्क्यावर विचारून ठेवा, वेळा बदलत असतात.

तुमची,
मनू