मतं मागायला स्पॅनिश चालते, मग कारभाराला का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेने इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवल्यापासून आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात 'एवढा मोठा देश एका भाषेने बांधला गेलाय, आपण कधी शहाणे होणार' अशा आशयाची पत्रं अधूनमधून वाचायला मिळतात. मी बरीच वर्षं ह्यूस्टनमध्ये राहते, इथली नागरिक आहे आणि निवडणुकीत मतदान केंद्रावर कर्मचारी म्हणून काम करते. तिथे बसून जे दिसतं ते या पत्रांतल्या चित्राशी जुळत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

अध्यक्ष ट्रम्प यांनी हा आदेश १ मार्च २०२५ रोजी काढला. त्याआधी जवळजवळ अडीचशे वर्षं या देशाला केंद्रीय पातळीवर अधिकृत भाषाच नव्हती, आणि नव्हती म्हणून देश फुटला नाही. फुटायची वेळ आली ती १८६१ साली, यादवी युद्धात. तेव्हा दोन्हीकडचे पुढारी इंग्रजीच बोलत होते, एकच बायबल वाचत होते. भांडण गुलामगिरीचं होतं. भाषा एक झाली की मनं एक होतात, असं म्हणणाऱ्यांनी हा इतिहास एकदा नजरेखालून घालावा.

याच आदेशाने क्लिंटन यांचा २००० सालचा आदेश रद्द केला. ज्यांचं इंग्रजी कच्चं आहे त्यांच्यासाठी सोय करणं त्या जुन्या आदेशाने केंद्र सरकारच्या खात्यांवर बंधनकारक होतं. आता सोय करा किंवा करू नका, तुमची मर्जी. व्हाइट हाउसच्या संकेतस्थळाची स्पॅनिश आवृत्ती तर त्याआधीच, शपथविधीनंतर लगेच काढून टाकली होती. २०१७ मध्येही हेच झालं होतं, मधल्या काळात बायडन यांनी ती परत आणली होती.

मला टोचतं ते पुढचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार कमला हॅरिस आणि ट्रम्प दोघेही युनिव्हिजन या स्पॅनिश वाहिनीच्या कार्यक्रमात गेले होते. मतदार स्पॅनिशमध्ये प्रश्न विचारत होते, उमेदवार दुभाष्याच्या मदतीने ऐकून उत्तरं देत होते. मतदारांनी ते मनावर घेतलं. इथून दक्षिणेला, मेक्सिकोच्या सीमेलगत स्टार काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) आहे. लोकवस्ती जवळजवळ सगळी लॅटिनो, म्हणजे मूळची लॅटिन अमेरिकेतली. तिथे १८९२ नंतर पहिल्यांदाच रिपब्लिकन उमेदवाराला आघाडी मिळाली. त्यांनी कोणाला मत द्यावं हा त्यांचा प्रश्न आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्यांचे प्रश्न ऑक्टोबरात स्पॅनिशमध्ये ऐकून घेतले, त्यांच्यासाठीचं स्पॅनिश पान जानेवारीत बंद करायचं, याला एकात्मता कसं म्हणायचं?

डेमोक्रॅटिक पक्षाचाही इतिहास याबाबतीत स्वच्छ नाही. १९६० साली जॅकलीन केनेडी यांनी दूरचित्रवाणीवर स्वतः स्पॅनिशमध्ये बोलून नवऱ्यासाठी मतं मागितली. गावोगावी 'व्हिवा केनेडी' मंडळं निघाली. टेक्सास केनेडींनी जिंकलं ते फक्त सुमारे ४६ हजार मतांनी, म्हणजे या मतदारांचं मोल किती होतं ते कळतं. पण त्याच टेक्सासात तेव्हा मत द्यायचं तर आधी डोईपट्टी भरावी लागे. गोरगरीब मेक्सिकन आणि काळ्या लोकांना मतदानापासून लांब ठेवणारी ती पट्टी राज्याच्या निवडणुकांतून गेली १९६६ मध्ये. मतदान केंद्रांवरचे दुभाषे तर १९१८ च्या कायद्याने आधीच हटवलेले होते. शाळेच्या आवारात स्पॅनिश बोललं म्हणून मार खाल्लेली माणसं आजही माझ्या वस्तीत आहेत. जाहिरात स्पॅनिशमध्ये आली, मतपत्रिका मात्र इंग्रजीतच राहिली.

ही मतपत्रिका बदलली १९७५ मध्ये, आणि बदलणाऱ्यांत आमच्या ह्यूस्टनच्या खासदार बार्बरा जॉर्डन पुढे होत्या. त्या काळ्या होत्या, त्यांची भाषा इंग्रजीच. मतदान हक्क कायदा मुळात १९६५ चा, काळ्या नागरिकांसाठी झालेला. त्यात स्पॅनिश बोलणाऱ्यांना, आशियाई आणि आदिवासी भाषकांना सामावून घ्यावं आणि टेक्सासलाही त्यातली खास कलमं लागू व्हावीत, म्हणून त्या झगडल्या. तेव्हापासून एखाद्या काउंटीत इंग्रजी नीट न येणारे, एकाच भाषेचे मतदार पाच टक्क्यांहून जास्त असले (१९९२ पासून दहा हजारांहून जास्त असले तरीही) आणि त्यांच्यात साक्षरता कमी असली, की निवडणुकीचे सगळे कागद त्या भाषेतही द्यावे लागतात. आमच्या हॅरिस काउंटीत आज मतदान चार भाषांत होतं: इंग्रजी, स्पॅनिश, व्हिएतनामी आणि चिनी. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात बंगाली मतपत्रिका मिळते.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते सांगते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ह्यूस्टनच्या महापौराची निवडणूक होती आणि सोबत टेक्सास राज्याच्या घटनेतल्या दुरुस्त्यांचे चौदा प्रस्ताव. यंत्राचा पडदा उजळला की पहिला प्रश्न भाषेचा येतो. एक वयस्क बाई नातीला घेऊन आल्या होत्या. नात मदतीला उभी राहत होती (तशी मुभा कायद्यात आहे), पण आजींनी तिला हाताने मागे सारलं, स्पॅनिशवर बोट ठेवलं आणि एकेक प्रस्ताव ओठ हलवत वाचू लागल्या. चौथ्या प्रस्तावाशी थांबल्या. शाळांसाठीच्या घरपट्टीत घराच्या किमतीतले ४० हजार डॉलर माफ होते, ते एक लाख करायचे, असा तो प्रस्ताव. त्यांनी मला काहीतरी विचारलं. आम्हा कर्मचाऱ्यांना प्रस्तावावर अक्षरही बोलायची परवानगी नसते, म्हणून मी नुसती मान हलवली. त्या परत पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. मागे रांग खोळंबली, कोणी कुरकुर केली नाही. शेवटी छापून आलेला कागद त्यांनी स्वतः नेऊन मोजणीच्या यंत्रात सरकवला. हे सगळं इंग्रजीत असतं तर त्यांनी नातीने सांगितलं तिथे बोट ठेवलं असतं. स्वतःच्या घराच्या पट्टीचा निर्णय ज्यांनी स्वतः वाचून घेतला, त्या बाई या देशाशी जास्त बांधल्या गेल्या की कमी?

'नागरिकत्वाच्या परीक्षेला इंग्रजी लागतंच, मग स्पॅनिश मतपत्रिका हवी कशाला', हा प्रश्न मला आपल्याच लोकांनी अनेकदा विचारला आहे. ती परीक्षा मीही दिली आहे. तीनपैकी एक सोपं वाक्य वाचायचं आणि एक लिहायचं, एवढंच त्यातलं वाचन-लेखन. घटनादुरुस्तीचा मजकूर वकिलालाही दोनदा वाचावा लागतो. पन्नाशी ओलांडलेल्या आणि वीस वर्षं कायम रहिवासी असलेल्या माणसांना तर इंग्रजीची अटच नाही. आणि अमेरिकेच्या ताब्यातल्या प्वेर्तो रिको बेटाचं काय? तिथली माणसं १९१७ पासून अमेरिकेची नागरिक आहेत, त्यांना कसली परीक्षा नाही, आणि घरापासून शाळेपर्यंत त्यांची भाषा स्पॅनिश. कोरियाच्या युद्धात ६५ वी पायदळ रेजिमेंट त्यांचीच लढली. त्या रेजिमेंटला अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, सुवर्णपदक दिलं. देशासाठी मरणाऱ्यांना कोणी आधी त्यांची भाषा विचारली नव्हती.

शिवाय स्पॅनिश ही इथे काल बोटीतून उतरलेली भाषा नाही. सांता फे हे गाव सतराव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश बोलणाऱ्यांनी वसवलं. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख अमेरिकेत आला, आणि तिथली माणसं जागची न हलता दुसऱ्या देशाची झाली. सीमा त्यांनी ओलांडली नाही, सीमाच त्यांच्यावरून गेली, असं इथले लोक म्हणतात.

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. माझं माहेर सीमाभागातलं. १९५६ साली राज्यं नव्याने आखली आणि आमचं मराठी गाव म्हैसूर राज्यात गेलं. निवडणूक आली की सगळ्या पक्षांची पत्रकं मराठीत यायची, उमेदवार 'काका, काकू' करत दारात यायचे, शिवाजी महाराजांच्या नावाने भाषणं व्हायची. निकाल लागला की वडील तालुक्याच्या कचेरीत जमिनीचा उतारा घ्यायला जायचे, तो कन्नडमध्ये. मराठीतून परिपत्रकं द्या, ही सीमाभागातली मागणी माझ्या लहानपणीही होती आणि आजही आहे. वडिलांना कन्नडचा राग कधीच नव्हता. बाजारात, शेतात ते कन्नड बोलायचे, शेजाऱ्यांच्या लग्नात पुढे असायचे. स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, याची त्यांना लाज वाटायची.

म्हणून मुंबईत मराठीचा आग्रह धरणाऱ्या आपल्या वाचकांना विनंती आहे की अमेरिकेच्या आदेशात आपला विजय पाहू नका. महाराष्ट्रात राज्यकारभार मराठीत व्हावा, येणाऱ्याने मराठी शिकावी, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पहिलीपासून हिंदी लादायला जून २०२५ मध्ये आपण जो विरोध केला, त्यात इथून मीही मनाने सामील होते. इथेही परदेशातून आलेल्या प्रत्येक माणसाला इंग्रजी शिकायचीच असते. दिवसभर छपरं घालून आलेली माणसं रात्री इंग्रजीच्या वर्गाला बसतात, आणि त्यांची नातवंडं आजीशी इंग्रजीत बोलतात. इंग्रजीला इथे कसलाच धोका नाही. एक भाषा शिकवणं निराळं आणि दुसरीच्या तोंडावर कचेरीचं दार लावणं निराळं. ज्या भाषेत मत मागितलं, त्या भाषेत निदान दवाखान्याचा, कराचा आणि मतदानाचा कागद मिळावा, एवढीच माझी मागणी आहे, टेक्सासातही आणि बेळगावातही.

मतदान हक्क कायद्यातली भाषेची तरतूद काँग्रेसने केलेली आहे, अध्यक्षांच्या आदेशाने ती जात नाही. पण तिची मुदत २०३२ मध्ये संपते. मुदतवाढीची चर्चा सुरू होईल तेव्हा इथल्या मराठी मंडळांची शिखर संस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाने आणि गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांनी आपापल्या खासदारांना पत्रं लिहावीत. त्यासाठी मराठी मतपत्रिकेची वाट पाहायचं कारण नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून काँग्रेसवर निवडून आले, तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले होते. सीमाभागातला माणूस म्हणून त्यांना मी याविषयी पत्र पाठवलं आहे. आपणही या विषयावर इथल्या मराठी मंडळींना लिहितं करावं.

आपली नम्र,
एक वाचक,
ह्यूस्टन, टेक्सास