सांडपाणी सोडायचे कुठे, तेही नोटिशीत लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या वाघोलीसारख्या गावांतल्या सोसायट्यांना सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प (एसटीपी) बंद ठेवल्याबद्दल नोटिसा निघाल्याची बातमी कालच्या अंकात वाचली. वीजबिल वाचवण्यासाठी सोसायट्या यंत्रणा बंद ठेवतात आणि मैलापाणी ओढ्यात सोडतात, असा बातमीचा सूर आहे. काही ठिकाणी तसे होतेही, ते नाकारत नाही. पण नोटिशीतला मजकूर उतरवून घेणाऱ्या आपल्या बातमीदाराने एखाद्या एसटीपीच्या खोलीतही उतरून पाहायला हवे होते. नाकाला रुमाल लावून का होईना.

हिशेब साधा आहे. ४०० फ्लॅटची स्कीम धरा. परवानगीच्या कागदावर घरटी ५ माणसे आणि माणशी रोज १३५ लिटर, म्हणजे २ लाख ७० हजार लिटर पाणी. त्यातले ८५ टक्के सांडपाणी धरून साधारण २४० केएलडीचा, म्हणजे रोज २४० हजार लिटर क्षमतेचा, प्रकल्प बसवतात. माणशी १३५ पैकी ४५ लिटर फ्लशचे. तेवढे प्रक्रिया केलेल्या पाण्यातून भागवले की ९० हजार लिटर मार्गी लागले. बागेला वीसेक हजार घाला. तरी रोज १ लाख २० हजार लिटर उरतात. पावसाळ्यात बागेला पाणी लागत नाही, तेव्हा तेही यात धरा. हे उरलेले पाणी महापालिकेच्या मलवाहिनीत सोडायचे, असे पर्यावरण मंजुरीच्या अर्जात लिहिलेले असते. वाघोलीच्या ज्या रस्त्यांवर बारा-बारा मजली टॉवर उभे आहेत, त्यातल्या कित्येकांखाली ही वाहिनीच नाही. म्हणजे प्रकल्प चोवीस तास उत्तम चालवला तरी पाणी शेवटी ओढ्यातच जाणार. नोटीस देणाऱ्या साहेबांनी 'अमुक चेंबरला जोडा' असे लिहून दिले, तर सोसायटी उद्या खोदाईचे पैसे भरेल.

आता यंत्रणा बंद का पडते ते पाहू. ताबा सुरू होतो तेव्हा ४०० पैकी जेमतेम ९० घरे भरलेली असतात, तीही सरासरी तीन माणसांची. २४० केएलडीच्या टाकीत रोज तीसेक हजार लिटर सांडपाणी येते. टाकीतल्या प्लास्टिकच्या तुकड्यांवर (मीडियावर) वाढून मैला खाणाऱ्या जिवाणूंना खायलाच मिळत नाही, थर धरत नाही. मग बिल्डरचा ठेकेदार टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरला टायमर लावतो: दोन तास चालू, चार तास बंद. हवा थांबली की गाळ तळाला बसतो, तळाशी हवेचे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्यूझरच्या रबराची भोके बुजतात. पुढे घरे भरतात आणि ब्लोअर पूर्ण वेळ सुरू होतो, तेव्हा टाकीच्या एका कोपऱ्यात मोठाले बुडबुडे येतात आणि बाकी टाकी मेलेली असते. डिफ्यूझर बदलायचे तर टाकी रिकामी करावी लागते. टाकी दोन कप्प्यांची बांधली असेल तर एक चालू ठेवून दुसरी उपसता येते. पण पार्किंगच्या दोन जागा वाचवण्यासाठी एकच अखंड टाकी बांधलेली असते, आणि वरून येणारे मैलापाणी थोडेच थांबते! नोटिशीत मुदत सात दिवसांची. घाईघाईने कुणी त्या टाकीत माणूस उतरवला आणि आतल्या वायूने तो गुदमरला, तर जबाबदार कोण? हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असे उतरवणे गुन्हा आहे, हे नोटीस काढणाऱ्यांना ठाऊक असेलच.

यातून पुढे जे होते ते तर कुणी लिहीतच नाही. टाकी नीट चालत नाही म्हणून फ्लशला पिवळट, वास मारणारे पाणी येते. लोक ओरडतात. प्लंबर टेरेसवर चढतो आणि फ्लशच्या टाकीला घरगुती पाण्याच्या टाकीतून एक इंचाची जोडणी देऊन टाकतो. झाले! माणशी ४५ लिटर गोड्या पाण्याची गरज एका दुपारीत वाढली. सगळी घरे भरली की ९० हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या रोज नऊ जादा खेपा. टँकरमध्ये दहा टन तर नुसते पाणीच असते. त्या खेपांनी रस्ता उखडतो, तो महापालिका आपल्या करातून दुरुस्त करते. हा खर्च कुठल्या प्रकल्प अहवालात लिहिलेला असतो?

आणि हस्तांतर! आमच्या भागातल्या एका सोसायटीला बिल्डरने एसटीपी दिला तो किल्ली आणि एक कुलूप देऊन. लॉगबुक नाही, पाइपलाइनचा प्रत्यक्ष नकाशा नाही, प्रयोगशाळेचा एकही अहवाल नाही. प्रदूषण मंडळाचे संमतिपत्र अजून बिल्डरच्याच नावावर. पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो, हे समितीला नोटीस आल्यावर कळले. मलवाहिनी येईपर्यंतची सोय पाहण्याच्या हमीपत्रावर सही बिल्डरची आणि नोटीस मात्र सोसायटीच्या अध्यक्षांच्या नावाने. ते गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना टाकीतल्या गाळाचे प्रमाण (एमएलएसएस) विचारून काय मिळणार?

वाघोलीसह २३ गावे ३० जून २०२१ ला महापालिकेत आली आणि लगेच जुलैत त्यांचे नियोजन पीएमआरडीए या प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपवले गेले. विकास शुल्क आणि प्रीमियम एफएसआयचे (जादा बांधकामाच्या परवानगीचे) पैसे एका दारात, ड्रेनेज आणि पाण्याची ओरड दुसऱ्या दारात. वर मेट्रोच्या नावाने मुद्रांक शुल्कात एक टक्का आहेच. २०२५ च्या जानेवारीत यातल्याच सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड-किरकटवाडीत जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा विहिरी, टँकर, आरओ प्लांट असे सगळीकडचे पाण्याचे नमुने घ्यायला पथके धावली. मग पुन्हा सामसूम.

खरेच तपासायचे असेल तर नमुन्याच्या बाटल्या नंतर भरा. आधी एसटीपीला स्वतंत्र वीजमीटर सक्तीचा करा. दहा एचपीचा ब्लोअर चोवीस तास चालला तर दिवसाला दीडशेच्या आसपास युनिट पडतात. महिन्याचे बिल सहाशे युनिटचे असेल तर प्रकल्प बंद आहे, हे टेबलावर बसून कळते. हेच बिल भोगवटा पत्र देण्यापूर्वी बिल्डरकडूनही मागा. दोन कप्प्यांची टाकी नसेल तर नकाशा परत पाठवा. आणि वाहिनी जोडली जाईपर्यंत प्रकल्प चालवण्याच्या खर्चाची बँक हमी बिल्डरकडून घ्या; हमीपत्राच्या कागदाने ब्लोअर फिरत नाही.

जाता जाता आणखी एक. ज्या दिवशी ही बातमी पाचव्या पानाच्या कोपऱ्यात आली, त्याच दिवशी आपल्या अंकाला त्याच रस्त्यावरच्या नव्या टाउनशिपच्या जाहिरातीचे चार पानी वेष्टन होते. खरे पहिले पान शोधायला जाहिरातीचे पान उलटावे लागले. जाहिरातीत महारेराचा क्रमांक आणि क्यूआर कोड होता, कारंजे होते, दोन जलतरण तलावही होते. पाणी कुठून येणार आणि जाणार कुठे, याबद्दल अक्षरही नव्हते. आपल्या जाहिरात विभागाने एवढे दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

आपला,
एक नियमित वाचक, वाघोली, पुणे