तपकीर गल्लीतल्या त्या दादांचे आभार

आमच्या लघुपटाचं शेवटचं दृश्य पुण्याच्या कसब्यातल्या जुन्या वाड्यात चित्रित झालं. दुसऱ्या दिवशी वाडा पाडायला घेणार होते, पुन्हा जाणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी लॅपटॉपला कार्ड लावलं तर रिकामं! घाईत ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट झालं होतं.

तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं बंद होत होती. एका दादांनी अर्धं ओढलेलं शटर पुन्हा वर केलं. पहिला प्रश्न, "यावर नंतर काही शूट केलंय का?" नाही म्हटल्यावर त्यांनी कार्डाच्या कडेची बारीकशी खिट्टी लॉकवर सरकवली. झटपट फॉरमॅटमध्ये फक्त फायलींची यादी पुसली जाते. वर नवीन काही लिहिलं नाही तर फायली बहुधा तशाच असतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यांनी आधी कार्डाची पूर्ण प्रत काढली आणि शोध त्या प्रतीवर घेतला. खूप वेळ लागला. मधे घरून फोन आला. "पोरांचं काम अडलंय, तुम्ही जेवून घ्या," म्हणाले, आणि आमच्यासाठी वडापाव मागवले.

२३ पैकी २१ शॉट मिळाले. आजी उंबऱ्यावर हात ठेवून थांबतात, तोही.

दादा, श्रेयनामावलीत लिहायला तुमचं नाव विचारायचं राहिलं. शनिवारी लघुपट दाखवायला येतोय, तेव्हा सांगा.