किल्ली आणि तिजोरी

लातूर

चि. मुक्ता हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू आलीस, तेव्हा तुझ्या लॅपटॉपच्या बॅगेची चेन दुरुस्त करून आणावी म्हणून ती रिकामी करताना लॅपटॉपच्या पाठीवर डकवलेली पिवळी चिठ्ठी माझ्या नजरेस पडली. तिच्यावर पासवर्ड होता. बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांनी आपल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबद्दल तुझ्या संशोधनासाठी तुला विश्वासाने जे सांगितले, ते ज्या यंत्रात आहे त्याची किल्ली त्यालाच लटकलेली पाहून, बत्तीस वर्षे बँकेत काढलेला मी अस्वस्थ झालो. आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असत, एक मॅनेजरकडे आणि दुसरी हेड कॅशियरकडे. त्यामुळे एकट्याला कोणी दमदाटी केली तरी दार उघडत नसे.

अमेरिकेला जाताना लंडनला फक्त विमान बदलायचे आहे, म्हणून तो देश मोजायचाच नाही, असे तू म्हणालीस, ते मला पटलेले नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये स्नोडेनची गुप्त कागदपत्रे उजेडात आणणारे पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांचे जोडीदार डेव्हिड मिरांडा हेही बर्लिनहून रिओला जाताना लंडनच्या हीथ्रो विमानतळावर केवळ विमान बदलत होते. ब्रिटनच्या २००० सालच्या दहशतवादविषयक कायद्यातील सातव्या परिशिष्टाखाली त्यांना सुमारे नऊ तास अडकवून ठेवले आणि त्यांच्याजवळची उपकरणे काढून घेतली. पुढे ब्रिटिश सरकारने न्यायालयात सांगितले की, त्यांच्याजवळ एक कागद सापडला आणि त्यावर पासवर्ड लिहिलेला होता. तुझी चिठ्ठी पाहून मला तोच कागद आठवला. त्या परिशिष्टाखाली पासवर्ड नाकारणे हाच गुन्हा ठरतो, हेही लक्षात ठेव.

अमेरिकेत सीमेवरील अधिकारी न्यायालयाच्या वॉरंटशिवाय लॅपटॉप व फोन चाळू शकतात. त्यांच्या २०१८ च्या नियमावलीनुसार त्यांनी उपकरणाचे इंटरनेट बंद करून त्यात साठवलेलेच पाहावयाचे असते. दूरच्या सर्व्हरवरचे नाही. पासवर्ड न दिल्यास उपकरण ठेवून घेतले जाऊ शकते, आणि तुझ्यासारख्या परदेशी व्यक्तीला प्रवेशही नाकारला जाऊ शकतो. म्हणून तेथे हुज्जत घालावी किंवा खोटे बोलावे, असे मी मुळीच सांगणार नाही.

माझे म्हणणे एवढेच की, मुलाखती बरोबर नेऊच नकोस. त्या पुण्यात विभागाच्या सर्व्हरवर एनक्रिप्ट करून, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाहीत अशा, ठेव आणि त्यांचा पासवर्ड तुझ्या मार्गदर्शक बाईंना ठरवू दे. तू खोलीवर पोहोचून फोन केलास की मगच त्यांनी तो तुला सांगावा. मग कोणी विचारले तर ‘माझ्याकडे नाही’ हे तुझे उत्तर शब्दशः खरे असेल. प्रवासासाठी विभागाचा कोरा लॅपटॉप माग. आहे त्यातूनच फाइली पुसून नेण्याचा विचार करू नकोस, कारण पुसलेल्या फाइली पुष्कळदा परत काढता येतात. विमानातून उतरण्यापूर्वी लॅपटॉप पूर्ण बंद कर; नुसते झाकण मिटले तर डिस्क उघडण्याची किल्ली त्याच्या मेमरीत जागीच राहते. फोनही विसरू नकोस. गावातल्या ताईंनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या ध्वनिफिती त्यात अजून असतील, आणि त्या बायकांनी सह्या केल्या, आंगठे उठवले, ते तुझ्या विद्यापीठाच्या संमतिपत्रावर. विमानतळावरच्या टेबलासाठी नव्हे.

बॅगेची चेन नवी बसवून झाली आहे. चिठ्ठी मात्र मी फाडून टाकली, आणि फाडण्यापूर्वी ती वाचली गेली, तेव्हा आज रात्रीच तो पासवर्ड बदल आणि नवा मला सांगू नकोस.

तुझे,
बाबा