विठोबाच्या जागी बसून वाच

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

लग्नाची तारीख ठरल्यापासून आपलं फोनवरचं बोलणं हॉल, केटरर आणि पत्रिकेपाशीच संपतं. मला जे सांगायचं आहे ते त्या गडबडीत सांगता येणार नाही, म्हणून हे पत्र. लग्नाआधी तू बहिणाबाई वाच. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, त्या तर आपल्या घरात सगळ्यांच्या तोंडी आहेत. मी म्हणते त्या सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या, शिऊरच्या संत बहिणाबाई.

'ज्ञानदेवें रचिला पाया' आणि 'तुका झालासे कळस' हे तू लहानपणापासून ऐकत आलास. वारकरी परंपरेची सगळी इमारत ज्या अभंगात उभी राहते, तो अभंग बहिणाबाईंचा. लोक बहुधा कळसापाशी थांबतात. त्यापुढच्या चरणात बहिणीच्या नावासोबत फडकती ध्वजा येते, ती कुणी फारसं म्हणत नाही. मला याचं नेहमी वाईट वाटतं.

त्यांचा जन्म 1628 सालचा, वेरूळजवळच्या देवगावचा, कुलकर्ण्यांच्या घरातला. लग्न म्हणजे काय हे कळायच्या आत तिशीच्या बिजवराला दिलं. पुढे कर्ज आणि भाऊबंदकीपायी आईवडील, नवरा आणि ही पोर, सगळ्यांनीच गाव सोडलं. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर करत ते कोल्हापूरला पोचले. तिथे नवऱ्याला दान मिळालेल्या गाईचं वासरू या अकराएक वर्षांच्या मुलीला इतकं चिकटलं की ती जयराम गोसाव्यांच्या कीर्तनाला गेली की तेही मागोमाग. गोसाव्यांनी एकदा दोघांच्याही डोक्यावरून हात फिरवला आणि गावभर बोलबाला झाला. घरी नवऱ्याने तिला वेणीला धरून मारलं.

हे कुणा चरित्रकाराने मागाहून रचलेलं नाही, बाळा. हे त्यांनी स्वतः अभंगांत लिहून ठेवलंय. जुन्या मराठीत एका बाईने स्वतःची हकीकत इतकी सलग सांगितलेली मी तरी दुसरी वाचलेली नाही. वासरू गेलं, ती दिवसचे दिवस बेशुद्ध पडली, आणि त्या अवस्थेत तिला तुकोबा दिसले, 'रामकृष्णहरी' हा मंत्र मिळाला. तोवर तिने त्यांचे फक्त अभंग ऐकले होते. त्यानंतर लोक तिला बघायला येऊ लागले आणि नवऱ्याचा राग आणखी वाढला. तू हा भाग सावकाश वाच. तो माणूस काही राक्षस नव्हता. वेदाध्ययन करणारा, भिक्षुकीवर घर चालवणारा ब्राह्मण होता. आपण शिकलेले, आपण मोठे, आणि लोक पाया पडतात ते आपल्या पोरसवदा बायकोच्या, तेही एका शूद्राचा उपदेश घेतला म्हणून, हे त्याला सोसेना. तिला टाकून निघून जायची त्याची तयारी झाली होती.

मी तुझ्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते या माणसापायी. तुझी होणारी बायको तुझ्यापेक्षा जास्त शिकलेली आहे, तिचं नावही तुझ्याआधी होईल असं मला दिसतंय. तू तिच्यावर हात उचलणार नाहीस हे मला पक्कं माहीत आहे. पण तो राग हाताच्या आधी मनात येतो. चार लोकांत तिचं कौतुक झालं की घरी आल्यावर एखादा शब्द तिखट निघतो. तिथे जागा राहा.

निघायच्या बेतात असतानाच नवरा आजारी पडला. तुकोबांची निंदा केली म्हणून हे भोगतोय असं त्याला वाटू लागलं. ज्या बायकोला टाकणार होता तीच रात्रंदिवस उशाशी होती. बरा झाल्यावर तो स्वतः तिला घेऊन देहूला गेला. एका माणसाला आपलं मन असं वळवता आलं, याला मी कुठल्याही चमत्कारापेक्षा मोठं मानते. देहूला तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजी गोसाव्याने त्यांना आपलं शिष्य व्हा म्हणून छळलं, गाईलासुद्धा मारहाण केली, पण ते तिथे टिकले. मुलगी काशीबाई देहूलाच झाली. बहिणाबाईंनी तुकोबांना समोर पाहिलं, त्यांची कीर्तनं ऐकली, म्हणून त्यांच्या ओळींना वेगळंच मोल आहे.

एक गोष्ट मात्र मला बोचते आणि ती तुझ्यापासून लपवत नाही. याच बाईंनी नवऱ्याची सेवा हाच आपला देव असेही अभंग लिहिलेत. आणि त्याच गाथेत 'वेद हाका देती पुराणें गर्जती' असं म्हणून, बाईचा देह मिळालेल्या मला परमार्थाची वाट कुठली, असं विचारलंय. मी दोन्ही वाचते. त्या काळात घर आणि विठ्ठल दोन्ही धरून ठेवताना त्यांच्या जिवाची किती ओढाताण झाली असेल, ते मला एकाच तऱ्हेचे अभंग वाचून कळलं नसतं. जन्माने ब्राह्मण असूनही त्यांनी वज्रसूची हा जन्मावरून ब्राह्मण ठरवणं खोडून काढणारा संस्कृत ग्रंथ मराठी अभंगांत आणला आणि ब्राह्मण म्हणायचं कुणाला, असा प्रश्न उभा केला. भक्तीने त्या मवाळ झाल्या असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

1700 साली शिऊरला त्यांचा शेवट जवळ आला तेव्हा मुलगा विठोबा जवळ होता. त्याला त्यांनी आपले मागचे बारा जन्म सांगितले, हा तेरावा. आईच्या अभंगांत बापाचा मार आहे, बापाचं वळणंही आहे, आणि ते सगळं या मुलाच्या कानावर गेलं असणारच. आईने झाकलं नाही. म्हणून तू ही गाथा विठोबाच्या जागी बसून वाच.

तुझ्या होणाऱ्या बायकोला मराठी वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. जस्टिन अ‍ॅबट यांनी 1929 साली इंग्रजी भाषांतर केलंय, त्यात मूळ मराठी अभंगही आहेत. एकच पुस्तक दोघांना पुरेल. वाचून झालं की फोन नको, पत्र लिही, आणि त्या नवऱ्याबद्दल तुला काय वाटलं ते आधी लिही. तिला काय वाटलं ते तिलाच लिहू दे.

तुझी,
आई