मेस्त्रीनू, तुमच्या ‘नको’साठी

मेस्त्रीनू, साष्टांग नमस्कार.

तुम्ही फोनवर दोन वाक्यांच्या पुढे जात नाही आणि समोरासमोर आभार मानायला गेलं की ‘चाय ठेव’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितोय. तुमचा नातू वाचून दाखवेल. दुसरं कारण असं, की घराचे फोटो बघून लोक मला विचारतात, आर्किटेक्ट कोण? काय सांगू? सत्तरी ओलांडलेले एक सुतार, ज्यांनी केलेल्या कामापेक्षा अडवलेली कामं जास्त भरतील.

16 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासत वर गेलं आणि मागीलदारचा फणस आमच्या स्वयंपाकघरावर आडवा झाला. मालवण तालुक्यात वीज नाही, फोन नाहीत, मी मुंबईत. पाचव्या दिवशी चुलतभावाने व्हिडिओ पाठवला तेव्हा मोडलेले वासे, नळ्यांचा, म्हणजे छपराच्या कौलांचा, खच आणि चुलीच्या जागी फणसाची फांदी एवढंच दिसलं. गावी पोचेपर्यंत एका ठेकेदाराने आकडाही काढून ठेवला होता. सगळं पाडायचं, वर स्लॅब, पुढे गेट. खरं सांगतो, मी हो म्हणायच्या बेतात होतो.

तुम्ही आलात ते घर बघायला नाही, फणसाचं लाकूड बघायला. बुंधा बघून झाल्यावर सहज पडवीत शिरलात, पटाशीच्या मुठीने एकेक खांब ठोकत गेलात आणि म्हणालात, “पाडूक चार दिस पुरे. असो खांब हाडतलस खयसून?” म्हणजे, असा खांब आणशील कुठून?

मग मी तुमच्या मागे लागलो, तर तुमचा पहिला ‘नको’ आला. “आदी पावस बघूया. पावस बघल्याशिवाय मी हात लावचंय नाय.” मोडलेल्या भागावर ताडपत्री घातली आणि बाकीचं घर तसंच ठेवलं. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तुम्ही मला कोळशाचा तुकडा देऊन सांगितलंत, जिथे थेंब पडेल तिथे जमिनीवर गोल काढ. मला वाटलं, म्हातारा टाळतोय. चतुर्थीपर्यंत 23 गोल झाले. तुम्ही शिडी लावून माळ्यावर गेलात, तासाभराने उतरलात. 23 पैकी 17 गोलांचं पाणी एकाच जागेवरून येत होतं: पडवीचं छप्पर मोठ्या छपराला मिळतं तिथली कुजलेली रीप, म्हणजे नळे जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी. पाणी वाशावरून सरकत सरकत घरभर फिरत होतं. “पाणी शिरता एकीकडे, पडता दुसरीकडे.” ठेकेदाराच्या हिशेबात अख्खं छप्पर बाद होतं.

नळे उतरवले तेव्हा एकाच्या पोटावर बासेल मिशनचं नाव आणि 1865 हा आकडा निघाला. मी हुरळून घराचं वय जाहीर करून टाकलं, भावकीत फोटोही पाठवला. नंतर कळलं, ते मंगळूरच्या त्या कारखान्याच्या स्थापनेचं साल. तुम्ही तर हसून माळ्यावरच्या कोपऱ्यात बोट दाखवलंत. तिथे कुंभाराच्या हातच्या अर्धगोल नळ्यांचा ढीग होता. म्हणजे मंगळुरी नळे येण्याआधी हे घर वेगळंच दिसत असणार. मग ‘मूळ रूप’ कुठलं धरायचं, असं मी विचारलं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, पण त्या ढिगातले धड नळे मांगरावर, म्हणजे सामान ठेवायच्या खोपीवर, घातलेत.

आता भिंतीचं. ती चूक माझी. बाबा गेल्यावर मीच बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि आतून प्लॅस्टिक पेंट मारून घेतला होता, घर ‘टिकावं’ म्हणून. जांभ्याचा चिरा सच्छिद्र. तो पावसाळ्यात ओल पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. सिमेंटने त्याचं तोंडच बांधलं. गिलावा काढायला नऊ दिवस लागले, आणि भर जानेवारीत आतला चिरा हाताला ओला लागत होता. तुम्ही नुसतं म्हणालात, “घर घुसमाटला रे.” मला बाबांसमोर उभं असल्यासारखं वाटलं. भिंत शिमग्यापर्यंत उघडी ठेवली. तोवर खड्ड्यात कळीचा चुना विझवून पाण्याखाली मुरत होता. समुद्राची वाळू स्वस्तात दारात येत होती, तिच्यातल्या मिठासाठी तुम्ही ती परत पाठवलीत आणि नदीची मागवलीत. चुन्यात गुळाचं पाणी पडलं तेव्हा माझी मुलगी चाखून बघायला निघाली होती, आठवतं? पडलेल्या भिंतीचे 62 चिरे निवडून तुम्ही पुन्हा लावलेत, कुऱ्हाडीचे घाव बाहेरच्या बाजूला ठेवून. खाणीतून निघतो तेव्हा चिरा मऊ असतो, वारा खाऊन कडक होतो. जुन्या चिऱ्याने तर पिढ्यान्‌पिढ्यांचा वारा खाल्लेला.

पण मला सारखा आठवतो तो पडवीतला तिसरा खांब. खांब धड होता, पाय मात्र दीड हात कुसला होता. मी एका दुकानात नक्षीदार खांब बघून ठेवले होते, कुठल्यातरी मोडलेल्या वाड्यातले. तुम्ही फोटो बघितलात आणि मोबाइल परत दिलात. “आपला घर वाडो कदी होता?” खरंच, आमचे खांब साधे चौकोनी, कडा तेवढ्या मारलेल्या. नारळ-सुपारीवर जगणाऱ्या माणसांचं घर.

त्या दिवशी तुम्ही तुळईखाली फळी देऊन जॅक लावलात. तुळई सूतभर उचलली, त्याहून जास्त नाही. वरचे नळे हलता कामा नयेत. कुसलेला पाय तिरका कापलात. त्याच मापाचा नवा पाय आमच्याच फणसाचा, दीड वर्ष मांगरात पट्ट्या घालून, वारा फिरेल असा रचून वाळवलेल्या लाकडातला. खाच आणि कुसू तीनदा जुळवून बघितलंत, तिन्ही वेळा रंधा अगदी केसभर फिरवलात. मग दोन लाकडी खुंट्या. खिळा नाही, फेव्हिकॉल नाही. पायाच्या तळाला काजूच्या टरफलाचं तेल चोपडलंत आणि खाली दगडाचं उथळं चार बोटं उंच घेतलंत, पडवीतलं पाणी वर चढू नये म्हणून. जॅक सोडताना सगळे गप्प होते. सांध्याने एकदा करकर केलं आणि खांब बसला.

वरचं लाकूड काळपट, खालचं पिवळंधमक. मी म्हटलं, पॉलिश मारून एकसारखं करूया. “नको. दिसांदे. खंयचा जुना, खंयचा नवा, ता कळाक व्हया.” अडीच-तीन वर्षांत फणस आपसूक तांबूस होत आलाय, पण सांधा अजून दिसतो. आल्यागेल्याला मी तोच आधी दाखवतो.

सगळंच तुमचं पटलं असं नाही. माजघराची खिडकी मोठी करू दिली नाहीत, वर दोन काचेचे नळे बसवून माझी समजूत काढलीत. दुपारी बारा ते दोन उजेड झकास पडतो, बाकी वेळ मी दिवा लावतो आणि तुमच्या नावाने कुरकुरतो. बाथरूमवरून तर आपण आठवडाभर बोलत नव्हतो. शेवटी ती मागच्या बाजूला, जुन्या भिंतीपासून हातभर सुटी बांधलीत, तिथे मात्र तुमचंच बरोबर निघालं. पावसात जाताना डोकं भिजतं, भिंत भिजत नाही.

मे 2023 मध्ये, मिरगाच्या आधी, काम संपलं. मजुरीचा हिशेब करताना तुम्ही पावसाळ्यातल्या फेऱ्या धरल्याच नव्हत्या. विचारलं तर म्हणालात, “तेवा काम खंय केलंय?”

यंदा देवघराच्या कोपऱ्यात एक थेंब पडतोय. कोळशाने गोल काढून ठेवलाय, तारीख घातलीय. वर चढून बघायचा मोह झाला होता, चढलो नाही. चतुर्थीच्या आधी सवड काढून या. चहा ठेवतो.

तुमचा,
खालच्या वाडीतला, फणसाच्या घरचा