ज्यांनी आमची वायर कापली, त्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

'माझं नाव कुठे लिहू नका,' असं तुम्हीच सांगितलं होतं, म्हणून लिहीत नाही. नागपुरात जनरेटरची कामं करणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. पण न विचारता गिऱ्हाइकाची वायर पकडीनं कापणारे तुम्हीच, त्यामुळे हे पत्र वाचलंत तर लगेच ओळखाल. खरं तर ते फार आधी लिहायला हवं होतं. त्या दिवसाबद्दल बोलायला लागले की अजूनही माझा घसा दाटतो, म्हणून राहून गेलं.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आपल्या शहरात कोणी विसरलेलं नाही. मध्यरात्रीनंतर पाऊस असा कोसळला की काही तासांतच शंभर मिलिमीटरच्या पुढे गेला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी वस्तीत शिरली. आमचं घर त्याच पट्ट्यातलं. तळमजल्यात गुडघाभर पाणी होतं. माझ्या सासऱ्यांना, आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणतो, खुर्चीसकट उचलून वरच्या खोलीत नेलं. बाबांना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. दुपारपर्यंत पाणी ओसरलं, चिखल राहिला, आणि वीज काही येईना. मग काटोलकडच्या संत्र्याच्या बगीच्यातून दिरांनी त्यांचं चाकाच्या ट्रॉलीवरचं ५ केव्हीएचं डिझेल जनरेटर टेम्पोत घालून आणलं. तेव्हा आम्हाला किती हायसं वाटलं, काय सांगू!

पाऊस पुन्हा येईल, कोणी मशीन उचलून नेईल, या भीतीनं आम्ही ते जिन्याखालच्या पोर्चमध्ये ढकललं. तिन्ही बाजूंनी भिंत, समोर शटर. शटर अर्धं खाली. आणि घरात वीज घ्यायला दिरांच्या बगीच्यातली ती वायर, दोन्ही टोकांना पिन असलेली. एक पिन जनरेटरच्या सॉकेटमध्ये, दुसरी आमच्या भिंतीवरच्या पॉवर प्लगमध्ये. वीज तर गेलेलीच आहे, मग मेन स्विचला कशाला हात लावायचा, असं आम्हाला वाटलं. पाण्यात बुडालेले खालचे बोर्ड आतून कोरडे आहेत का, हेही कोणी पाहिलं नाही.

मशीन सुरू व्हायचं, काळा धूर ओकायचं आणि दम लागल्यासारखं बंद पडायचं. दीर पुन्हा हँडल मारायचे, पुन्हा तेच. तासभर हे चाललं. माझं डोकं ठणकत होतं, मुलीला उलटी झाली. रात्रभर जागरण, पोटात काही नाही, त्याचंच हे, असं मी धरून चालले. बाबा गुंगीत होते. मी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९७ आकडा दिसला आणि मी निर्धास्त झाले. त्या ९७ नं मला किती फसवलं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

कुणीतरी तुमचा नंबर दिला. 'मशीन लोड घेत नाही,' एवढंच मी फोनवर बोलले. तुम्ही चिखल तुडवत आलात आणि मशीनकडे पाहिलंही नाही. शटर वर ढकलून तुम्ही ओरडलात, "आधी मानसं बाहेर काढा ताई, मंग मशीन पाहू. वरच्या खिडक्या खोला सगळ्या!" बाबांना तुम्ही आणि दिरांनी मिळून खाली आणलं, मोकळ्या हवेत बसवलं. मला तुमचा राग आला होता, भाऊ. आजारी म्हाताऱ्या माणसाला असं घाईघाईनं उचलायचं? आज त्या रागाची मी तुमच्याकडे माफी मागते.

मग तुम्ही ती वायर पाहिली. आधी जनरेटरकडची पिन काढलीत, खिशातून पकड काढलीत आणि दोन ठिकाणी वायर कापलीत. दीर चिडले. तुम्ही शांतपणे विचारलंत, "मेन चालू आहे ना तुमचा?" चालू होता. "मंग मशीनले काय दोष? ते तुमच्या घराले नाही, अख्ख्या गल्लीले करंट देऊन राहिलं होतं."

एवढ्या एका वाक्यात तासाभराचा घोळ उलगडला. आमच्या भिंतीतल्या प्लगमधून वीज उलटी मेन स्विचकडे, तिथून मीटरमधून खांबावर आणि खांबावरून शेजारच्या दहा घरांत जात होती. त्या ओझ्यानं इंजिन गुदमरत होतं. मी म्हटलं, बरं झालं बंद पडलं. तुमचा चेहरा गंभीर झाला. शेजाऱ्यांचे मेन बंद असते तर ते बंद पडलं नसतं, चालत राहिलं असतं, असं तुम्ही सांगितलंत. आणि रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ११,००० व्होल्टची वीज उतरवून आपल्याला २३० देतं, तसंच उलट्या बाजूनं २३० घातले की तेच रोहित्र ते चढवून हजारो व्होल्ट वरच्या तारांवर टाकू शकतं. त्या संध्याकाळी आमच्या भागात ठिकठिकाणी लाइनमन खांबांवर होते. रस्त्याच्या टोकाला एक शिडी लावलेली मी स्वतः पाहिली होती. तुम्ही तिकडे बोट दाखवलंत. "लाइन बंद आहे म्हणून तो चढला आहे. तुमच्या घरात डिझेल आलं, हे त्याले कोण सांगेन?"

भाऊ, तो माणूस कोण होता, मला माहीत नाही. त्याच्या घरी कोण वाट पाहत होतं, तेही माहीत नाही. त्याच्या वतीनं तुमचे आभार मानायला दुसरं कोणी येणार नाही, म्हणून मी मानते. हे पत्र मुख्यतः त्याच्यासाठीच लिहिते आहे.

बाबांना दवाखान्यात नेण्याचा हट्टही तुमचाच. डॉक्टरांनी लगेच मास्क लावून ऑक्सिजन दिला आणि नंतर मला समजावलं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. पेट्रोलच्या इंजिनापेक्षा डिझेलच्या इंजिनातून तो कमी निघतो, पण बंद पोर्चमध्ये, त्यातही लोडनं गुदमरलेल्या इंजिनाजवळ, त्या 'कमी'वर जीव सोपवता येत नाही. आणि बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर हा वायू चिकटलेल्या रक्ताला ऑक्सिजनवालंच रक्त समजतो, म्हणून आकडा चांगला दिसतो. बाबांची खोली नेमकी पोर्चच्या वर होती. कॉन्सन्ट्रेटर चालला असता तरी त्यानं हवा खोलीतलीच ओढली असती. हे लिहितानाही माझे हात गार पडतात.

आम्ही दवाखान्यातून परतलो तोवर तुम्ही मशीन अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं होतं. घराच्या दारं-खिडक्यांपासून वीसेक फूट लांब, विटा आणि फळ्यांवर उंच, सायलेन्सरचं तोंड शेजाऱ्यांच्या आणि आमच्या घरापासून वळवलेलं. वर टिनाचा पत्रा, चारी बाजू मोकळ्या. जमिनीत सळई ठोकून बॉडीला अर्थिंग दिलेली. घरातल्या वायरिंगला हातही न लावता एक जाड केबल आणि बोर्ड थेट वरच्या खोलीत. मेन बंद, त्यावर चिकटपट्टी. त्या रात्री बाबांचं मशीन, एक पंखा आणि दोन दिवे एवढंच चाललं. बाबा शांत झोपले. तुम्ही रात्री साडेअकराला गेलात आणि एक रुपया घेतला नाहीत.

तिथंच थांबला असतात तरी आम्ही जन्मभर ऋणी राहिलो असतो. पण आठ दिवसांनी तुम्ही परत आलात, सोबत लायसन्सवाले इलेक्ट्रिशियन घेऊन. "पॅनेलचं काम माझं नाही, ज्याचं त्यानं करावं," हे तुमचं बोलणं मला फार मोठं वाटलं. चेंजओव्हर स्विच बसला, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. आता दांडा एकतर वीज कंपनीकडे, नाहीतर जनरेटरकडे, दोन्ही एकदम कधीच नाही. अचानक वीज परतली तर दोन वीजप्रवाह एकमेकांवर आदळून अल्टरनेटर, म्हणजे जनरेटरचा वीज तयार करणारा भाग, जळू शकतो, आग लागू शकते, ती भीतीही त्यानं गेली. मशीन दिरांनी आमच्याकडेच ठेवलं.

आणि मग ते रविवार. तुम्ही मला आणि माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला मशीन शिकवलंत, घरात दोन पुरुष उभे असताना. "घरी राहते ती चालवते, तिलेच आलं पाहिजे," असं म्हणालात. पहिला धडा ओढणीचा. ओढणी, पदर, मोकळे केस घेऊन फ्लायव्हीलजवळ, म्हणजे इंजिनच्या फिरत्या जड चाकाजवळ, यायचं नाही. दुसरा अंगठ्याचा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा वळवायचा नाही, कारण इंजिननं उलटा झटका दिला की पहिला अंगठा मोडतो. इंजिनमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलून हँडल फिरवायचं, वेग आला की लिव्हर सोडायचा. माझ्या मुलीनं तिसऱ्या खेपेला मशीन चालू केलं, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. ती अजून सगळ्यांना सांगते.

हिशोबही तुम्हीच शिकवला. ५ केव्हीए म्हणजे ५ किलोवॉट नाही, ०.८ पॉवर फॅक्टर, म्हणजे प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा, धरला तर ४ किलोवॉट. पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, म्हणून आधी पंप, तो स्थिरावला की बाकीचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा इंजिनची ताकद आणखी घटते, तेव्हा लोड त्याहून कमीच. सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं मोकळं चालू द्यायचं, मग लोड. बंद करतानाही आधी लोड काढायचा, काही मिनिटं मोकळं चालवून थंड होऊ द्यायचं, मग बंद.

मला सर्वात नवल वाटलं ते हे, की डिझेल इंजिन फार हलकं चालवणंही वाईट. एका दिव्यासाठी तासन्‌तास चाललं तर आत नीट तापत नाही, डिझेल पुरतं जळत नाही आणि सायलेन्सरमधून काळं, ओलं तेल गळायला लागतं. मी तर डिझेल वाचवायला तेच केलं असतं. आता महिन्यातून एकदा गीझर आणि इस्त्री लावून अर्धा तास चालवते.

डिझेल गरम मशीनमध्ये कधीच टाकत नाही. बंद करते, निवू देते, गाळून भरते आणि टाकीत वर थोडी जागा सोडते. जवळ वाळूची बादली आणि पावडरचं अग्निशामक आहे. डिझेलच्या आगीवर पाणी मारायचं नाही, हे मुलीलाही पाठ आहे. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी काढते. टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली तेव्हा डिझेलच्या नळीत हवा शिरली, ती बुडबुडे थांबेपर्यंत काढायची, हेही फोनवर तुम्हीच सांगितलंत. त्या फोनवर तुम्ही दोनदा बजावलंत की नोझलचा फवारा येतो का, हे हात धरून बघायचं नाही. तो इतक्या दाबानं निघतो की कातडी भेदून डिझेल आत जातं. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवावं लागू शकतं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या समोरच्या खांबावर काम निघालं. जनरेटरचा आवाज ऐकून लाइनमन फाटकाशी आला आणि म्हणाला, "ताई, चेंजओव्हर आहे ना?" मी त्याला आत नेऊन स्विच दाखवला. त्यानं पाहिलं, मान हलवली, तरीही खांबाजवळ जाऊन लाइन तपासली, जमिनीशी जोडून अर्थिंग केली आणि मगच चढला. तो खाली उतरेपर्यंत मी फाटकातच उभी होते. माठातलं पाणी दिलं. तुमच्याबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "त्याइले आमचा नमस्कार सांगजा." तो निरोप या पत्रातून पोहोचवते आहे.

वहीत तास लिहायची सवय तुम्ही लावलीत, त्या वहीप्रमाणे ऑइल बदलायची वेळ आली आहे. येत्या रविवारी मी स्वतः बदलणार आहे, मुलगी फिल्टर धुणार आहे. ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक पाहण्याआधी ट्रॉली सपाट जागेवर आणायची, हे लक्षात आहे. तुम्ही फक्त समोर खुर्चीवर बसा. बाबा सकाळपासून वाट पाहतील, आणि तर्री-पोहे मी करून ठेवते.

तुमची,
अंबाझरीकडची ताई